बोटीवर हल्ला झाला, माणूस जखमी झाला : भरपाई कुणाकडं मागायची आणि कशी

कोल्हापूरला समुद्र नाही. तरीही शाहूपुरीतल्या आमच्या खोलीवर वर्षाला चार-पाच घरं जहाजाची कागदं घेऊन येतात. मी विमा दाव्यांची कामं करतो, वकील नाही. कागल, गडहिंग्लज, भुदरगडकडची पोरं बोटीवर नोकरीला असतात. अलीकडं लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला बायकोला घेऊन क्रूझवर जाणारेही भेटतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये तांबड्या समुद्रात ‘गॅलेक्सी लीडर’ पळवली गेली, मार्च २०२४ मध्ये ‘ट्रू कॉन्फिडन्स’वर क्षेपणास्त्र पडून तिघं खलाशी गेले आणि आपल्या नौदलाच्या ‘आयएनएस कोलकाता’नं २१ जणांना बाहेर काढलं. तेव्हापासून विचारायला येणारे वाढले.

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो. कागल तालुक्यातले एक काका खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाले, “बॉम्ब टाकला त्या देशावरच केस घालायची न्हवं?” मी विचारलं, “काका, पोराचं काँट्रॅक्ट कुठाय?” त्यांना वाटलं, मी विषय बदलतोय.

हल्ला कुणी केला यावर पैसे क्वचितच मिळतात. पैसे मिळतात ते जखमी माणूस बोटीवर कोणत्या नात्यानं होता आणि त्याच्या हातात कोणता कागद होता यावर. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमानं लिहितो.

पहिली पायरी : बोटीवर तुम्ही कोण होता?

तिकीट काढून गेलात तर प्रवासी. पगार घेऊन गेलात तर खलाशी. इथं लोक फसतात ते क्रूझवरच्या वेटर, कुक, हाऊसकीपिंग, सलूनवाल्या मुलांच्या बाबतीत. “आमचा पोरगा खलाशी नाही हो, तो हॉटेल लाइनचा.” पण सागरी कामगार करार २००६, ज्याला सगळे एमएलसी म्हणतात, त्याच्या व्याख्येत बोटीवर कोणत्याही कामाला असलेला माणूस खलाशीच धरलाय. भारतानं हा करार २०१५ मध्ये स्वीकारला. म्हणजे बारमध्ये ग्लास पुसणारा आणि इंजिनरूममधला मोटरमन, दोघांचा रस्ता एकच. प्रवाशाचा रस्ता वेगळा. दोन्ही रस्ते एकाच अर्जात घुसडले की कंपनीचा माणूस खूश होतो, कारण असा अर्ज परत पाठवणं सोपं असतं.

दुसरी पायरी : पहिल्या काही दिवसांची कागदं

इथं जरा थांबतो, कारण निम्मे दावे इथंच मरतात.

त्या काकांचा मुलगा मालवाहू बोटीवर मोटरमन होता, पण धडा प्रवासी बोटीलाही तोच लागू आहे. स्फोट झाला तेव्हा तो इंजिनरूमच्या जिन्यावर होता. अंगाला ओरखडासुद्धा नाही. ज्यांना रक्त आलं त्यांची बोटीच्या मेडिकल लॉगमध्ये नोंद झाली. याच्या कानात नुसती शिटी वाजत होती, म्हणून यानं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. पाच आठवड्यांनी कोल्हापुरात कान तपासले तर डाव्या कानाला जवळजवळ ऐकू येत नव्हतं. विमा कंपनीचं उत्तर आलं, इंजिनच्या आवाजानं मोटरमनचे कान असेही जातात, याचा हल्ल्याशी संबंध काय?

तो वाचला एका कागदानं. बोटीवर चढण्याआधीच्या वैद्यकीय तपासणीत त्याची श्रवणचाचणी झाली होती आणि आलेख दोन्ही कानांना नॉर्मल होता. तो कागद आईनं देवघराच्या खणात, पोथीखाली ठेवला होता. आधीचा आलेख आणि नंतरचा आलेख शेजारी ठेवले, मग पत्राची भाषा बदलली.

म्हणून दुखापत किरकोळ वाटली तरी बोटीच्या डॉक्टरकडं किंवा मेडिकल ऑफिसरकडं नोंद करून घ्या. कानात शिटी, डोकं गरगरणं, झोप उडणं, धुरानं छातीत जळजळणं, सगळं लिहायला लावा. नोंदीच्या पानाचा फोटो काढा. बंदरावर उतरल्यावर ज्या दवाखान्यात नेतील तिथलं डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, बिलं मूळ प्रतीत मागा. अरबी, ग्रीक, काहीही असो, घ्या. भाषांतर नंतर होतं, गेलेला कागद नंतर मिळत नाही.

प्रवाशांनी तिकीट, केबिनचं कार्ड, बुकिंगचा ईमेल आणि टूरवाल्याची पावती एकत्र ठेवावी. थर्मल कागदावरची पावती खिशात चार महिन्यांत पांढरी पडते, तिचा फोटो त्याच दिवशी घ्या. शेजारच्या केबिनमधल्या दोघा-तिघांची नावं आणि फोन नंबर लिहून घ्या. साक्षीदार म्हणून ती माणसं कॅप्टनपेक्षा जास्त कामाला येतात, कारण कॅप्टन कंपनीचा असतो.

खलाशांसाठी एक खास गोष्ट. २०१४ ला एमएलसीत दुरुस्ती झाली, ती १८ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. तिच्यानुसार मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वाच्या भरपाईसाठी विमा किंवा हमी आहे असं प्रमाणपत्र बोटीवर दर्शनी जागी लावावं लागतं. बहुधा मेसरूमच्या भिंतीवर, फायर प्लॅनच्या शेजारी असतं. त्यावर विमा देणाऱ्याचं नाव, पत्ता आणि मुदत असते. बोटीवर चढल्या चढल्या त्याचा फोटो काढून घरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. हे काम पाच सेकंदांचं आहे. मी भेटलेल्या वीसेक पोरांपैकी दोघांनीच केलं होतं.

परदेशात अडकलात तर दूतावासात तक्रार नोंदवायला परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल आहे, तिथला नोंद क्रमांकही फाईलला लावा.

तिसरी पायरी : प्रवासी असाल तर

प्रवासी बोटींसाठी अथेन्स करार आहे, १९७४ चा. त्याचा २००२ चा सुधारित मसुदा एप्रिल २०१४ पासून लागू झाला, आणि युरोपीय संघात तेच नियम २०१२ च्या शेवटापासून चालू आहेत. तुमच्या प्रवासाला तो लागतो का, हे बोटीचा झेंडा, तिकीट कुठं निघालं आणि प्रवास कुठून कुठं होता यावर ठरतं. भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर गेलेल्यांनी हे आधी बघावं.

यात बोट बुडणं, आदळणं, स्फोट, आग अशा घटनेत प्रवासी जखमी झाला तर कंपनीची चूक सिद्ध करावी लागत नाही. माणशी २,५०,००० एसडीआरपर्यंत कंपनी जबाबदार. त्यापुढं ४,००,००० एसडीआरपर्यंत, पण तिथं आपली चूक नव्हती हे कंपनीनं दाखवलं तर ती सुटते. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक आहे. त्याचा भाव रोज बदलतो. अडीच लाख म्हणजे ढोबळमानानं ३ कोटी रुपयांच्या घरात.

आता यातली मेख. घटना युद्ध, शत्रुत्वाची कारवाई, यादवी किंवा बंडामुळं घडली हे कंपनीनं सिद्ध केलं, तर ही जबाबदारी तिच्यावर येत नाही. मुद्दामहून घडवून आणणारा पूर्णपणे तिसराच कुणी असेल तरी तेच. तरी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सिद्ध करायचं ओझं कंपनीवर आहे, तुमच्यावर नाही. आणि २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं आखलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत युद्धजोखमीचा विमा वेगळा धरलाय. त्यामुळं “युद्ध होतं, आमचा संबंध नाही” असं एका ओळीचं पत्र आलं तरी फाईल मिटवू नका. युद्धजोखमीचा विमा कुणाकडं होता हे लेखी विचारा. बारापेक्षा जास्त प्रवासी नेणाऱ्या बोटीला विमा ठेवावाच लागतो आणि प्रवाशाला थेट विमा कंपनीकडं दावा करता येतो. धोक्याचा इशारा असताना बोट त्या मार्गानं का नेली, हा प्रश्नही त्याच पत्रात घाला. उत्तर आलं तर वकिलाला कामाला येतं, नाही आलं तरी येतं.

तिकिटाच्या मागं बारीक अक्षरात “आमची जबाबदारी अमुक इतकीच” असं छापलेलं असतं. करार लागू असेल तर तुमचा हक्क कराराच्या खाली आणणारं कलम रद्दबातल. ती बारीक अक्षरं वाचून घाबरून गेलेले दोन प्राध्यापक मला माहीत आहेत.

प्रवास विम्याकडून मात्र फार आशा ठेवू नका, बहुतेक पॉलिसींत युद्ध वगळलेलं असतं. कोणतं कलम लावलं ते लेखी घ्या आणि पुढं चला.

कोल्हापूरकराला आणखी एक दार आहे, आणि ते फार कुणी ठोठावत नाही. टूर पॅकेज इथल्या एजंटकडून घेतलं असेल आणि त्यानं धोक्याचा मार्ग लपवला असेल, बदललेला मार्ग सांगितला नसेल, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली तक्रार कोल्हापूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. तक्रारदार राहतो तिथं तक्रार करायची मुभा याच कायद्यानं दिली. पॅकेजची दिलेली रक्कम ५० लाखांच्या आत असली की जिल्हा आयोग पुरतो, आणि क्रूझचं पॅकेज तेवढं महाग नसतं. ही तक्रार सेवेतल्या त्रुटीची, बॉम्बची नाही. मसुदा करताना ही सीमा सांभाळा.

चौथी पायरी : खलाशी असाल तर

कागदं तीन : नोकरीचा करार, सीडीसी (खलाशाच्या नोकरीच्या नोंदीचं सरकारी पुस्तक) आणि ज्या एजन्सीनं पाठवलं तिचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा सरकारी परवाना. करारात युनियनचा सामूहिक करार जोडलेला असतो, पोरं तो वाचत नाहीत. भरपाईचा तक्ता तिथंच असतो, किती टक्के अपंगत्वाला किती डॉलर. आयबीएफ (खलाशी युनियन आणि बोटमालकांचा आंतरराष्ट्रीय वाटाघाटी मंच) पद्धतीच्या करारात युद्धसदृश क्षेत्र जाहीर झालं असेल तर मृत्यू आणि अपंगत्वाची भरपाई दुप्पट होते, आणि तिथं जायला नकार द्यायचा हक्कही मिळतो. म्हणून हल्ल्याच्या दिवशी बोट कुठल्या अक्षांश-रेखांशावर होती हा निव्वळ भूगोल नाही. क्षेत्राच्या रेषेच्या आत की बाहेर, यावर रक्कम एकपट की दुप्पट हे ठरतं.

उपचाराचा खर्च बोटमालकाचा. देशाच्या कायद्यानं त्याला मुदत घातली तरी ती १६ आठवड्यांपेक्षा कमी असू नये असं एमएलसी सांगतो. अपंगत्व किती हे ठरायला वेळ लागत असेल तर मधल्या काळात हंगामी रक्कम द्यावी लागते. मागितल्याशिवाय ती कुणी देत नाही.

टक्केवारीवरून भांडण ठरलेलंच. सीपीआरमधून, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यातून मिळणारं अपंगत्वाचं प्रमाणपत्र सरकारी सवलतींना उत्तम, पण जहाजाच्या दाव्यात ते शेवटचा शब्द नसतं. कंपनीचा डॉक्टर एक आकडा सांगतो, तुमचा डॉक्टर दुसरा. अशा वेळी कंपनी आणि युनियननं मिळून तिसरा डॉक्टर नेमायचा आणि त्याचं मत दोघांनी मानायचं, अशी सोय बहुतेक सामूहिक करारांत असते. ती लेखी मागा.

एजन्सी फोन उचलत नसेल तर तक्रार नौवहन महासंचालनालयाकडं करा. कार्यालय मुंबईत कांजूरमार्गला आहे. रात्रीच्या महालक्ष्मीनं गेलं की सकाळी पोचता येतं, पण आधी ईमेलनं तक्रार करून तिची प्रत सोबत न्या, नाहीतर हेलपाटा होतो. विनापरवाना एजंटामार्फत गेलेल्यांची गोष्ट अवघड. तिथंही बोटमालकावरचा हक्क संपत नाही, फक्त त्याला शोधायचं काम तुमच्या गळ्यात पडतं.

पाचवी पायरी : मग त्या देशाचं काय?

आता काकांचा प्रश्न. परक्या देशावर आपल्या कोर्टात दावा लावायला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८६ प्रमाणं केंद्र सरकारची लेखी संमती लागते. अशी संमती सहज मिळत नाही. देशाकडून पैसे येतात ते देशामार्फत, आणि त्याला वर्षं जातात.

किती, याचं सगळ्यात नामांकित उदाहरण ‘लुसिटानिया’चं. ७ मे १९१५ ला जर्मन पाणबुडीनं आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ ही ब्रिटिश प्रवासी बोट १८ मिनिटांत बुडवली. जवळपास १,२०० माणसं गेली. त्यात १२८ अमेरिकी होते, ६९ अमेरिकी वाचले. लोकांनी आधी काय केलं? आपल्यासारखंच, बोटीच्या कंपनीवर न्यूयॉर्कच्या कोर्टात दावे लावले. १९१८ मध्ये न्यायाधीश मेयर यांनी कंपनीला दोषमुक्त केलं. दोष पाणबुडी पाठवणाऱ्या सरकारचा, असं त्यांनी म्हटलं. मग युद्ध संपलं, १९२२ मध्ये अमेरिका आणि जर्मनीनं मिळून दावे निवारण आयोग नेमला आणि १ नोव्हेंबर १९२३ ला पंच एडविन पार्कर यांनी भरपाई कशी मोजायची याचा निकाल दिला. घटनेला साडेआठ वर्षं झाली होती.

तो निकाल आजही वाचण्यासारखा आहे. गेलेल्या जिवाची किंमत त्यात केलेली नाही. मागं राहिलेल्याचं काय गेलं ते मोजलं : गेलेला माणूस त्याला किती पैसे देत असता, त्याची देखभाल आणि शिकवणूक यांची पैशातली किंमत, आणि प्रत्यक्ष झालेला मानसिक धक्का. जर्मनीला शिक्षा म्हणून जादा रक्कम द्यायला पार्कर यांनी नकार दिला. दुखापत झालेल्याच्या बाबतीत नुसतं शरीर धरलं नाही, मनाला झालेली इजासुद्धा भरपाईला पात्र मानली. आणि नागरिकत्वाबाबत आयोग काटेकोर होता. गेलेला अमेरिकी, पण भरपाई मागणारा वारस दुसऱ्या देशाचा असेल तर त्याला अमेरिकेच्या खात्यातून काही नाही. आपल्याकडं ज्यांची मुलं परदेशी पासपोर्ट घेऊन बसलीत त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

दुसरी पद्धत कुवेतची. १९९० मध्ये इराक तिथं घुसल्यावर संयुक्त राष्ट्रांनी भरपाई आयोग नेमला. लाखो दावे होते, म्हणून गंभीर दुखापत किंवा मृत्यूच्या एका गटात माणशी २,५०० डॉलर अशी ठोक रक्कम ठरवली आणि कागदांची अट सैल केली. एकेकट्यानं जिनिव्हाला अर्ज करायचा नव्हता, त्या-त्या देशाच्या सरकारनं गठ्ठे करून पाठवायचे होते. शेवटचा हप्ता २०२२ मध्ये दिला गेला, एकूण रक्कम ५२.४ अब्ज डॉलर.

उद्या असा आयोग निघाला तर सरकार अर्ज मागवेल आणि मुदत छोटी असेल. म्हणून या पायरीवर आज करायचं काम एवढंच : सगळ्या फाईलचा एक संच स्कॅन करून बाजूला ठेवा. आयोगाची वाट बघत तिसरी-चौथी पायरी मात्र लांबवू नका.

मुदती

अथेन्स करारात दुखापतीचा दावा बोटीवरून उतरल्यापासून दोन वर्षांत. ग्राहक आयोगात दोन वर्षं. भारताच्या बंदरात बोट आली आणि भरपाईसाठी कोर्टाकडून ती अडवायची म्हटलं तर २०१७ चा अ‍ॅडमिरल्टी कायदा आहे. दुखापतीच्या भरपाईला बोटीवर अग्रहक्क मिळतो, खलाशाच्या पगाराच्या खालोखाल, पण तो एका वर्षात विझतो. पगाराचा दोन वर्षांत. कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आलंय, म्हणून लोक विचारतात की बोट इथूनच अडवता येईल का. बोटी अडवायची कामं मुंबईत चालतात, त्यासाठी तिथला सागरी कायद्याचा वकील धरा.

तुमच्या हातात सगळ्यात छोटी मुदत कोणती आहे ते बघून ती कॅलेंडरवर लिहा, बाकीच्या आपोआप आत येतात.

इथली किरकोळ वाटणारी कामं

नाव. पासपोर्टवर आडनाव शेवटी, शाळेच्या दाखल्यावर आधी, आधारवर वडिलांचं नाव गायब. परदेशी विमा कंपनीला ही तीन माणसं वाटतात. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. भारतीय कागद परदेशात चालायला अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा शिक्का लागतो, तो परराष्ट्र मंत्रालय देतं. मराठी दाखल्यांचं इंग्रजी भाषांतर आधी करून घ्या. माणूस दगावला असेल तर वारस दाखला दिवाणी न्यायालयातून काढावा लागतो. महाराष्ट्रात त्याला १८२७ चं रेग्युलेशन लागतं, हो, अठराशे सत्तावीस. तलाठ्याकडची वारस नोंद जमिनीसाठी, ती इथं चालत नाही.

शेवटची पायरी : सही

रक्कम ठरली की एक कागद येतो. इंग्रजीत दोन पानं, खाली ठिपक्यांची रेघ. त्याला रिलीज म्हणतात : ही रक्कम मिळाली, आता कंपनी, बोट, विमा, कॅप्टन, कुणावरही कसलाही दावा उरला नाही. आणणारा माणूस गोड बोलतो आणि चेक दाखवतो. घरात तीन महिने पगार आलेला नसतो.

खलाशाच्या बाबतीत एमएलसी स्पष्ट सांगतो की करारातल्या रकमेपेक्षा कमी घ्यायला दबाव आणायचा नाही, आणि करारातली रक्कम घेतली म्हणून बाकीचे कायदेशीर हक्क जात नाहीत, फक्त पुढं काही मिळालं तर ही रक्कम त्यातून वजा होऊ शकते. त्यामुळं “पूर्ण व अंतिम” असे शब्द दिसले की थांबा. रक्कम तक्त्याशी ताडून बघा. हंगामी रक्कम असेल तर पावतीवर स्वतःच्या हातानं लिहा : “हंगामी, हक्क राखून”.

काकांकडं असा कागद आला तेव्हा त्यांनी मला फोन केला. मी म्हटलं, वाचून दाखवा. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मग दहावीतल्या नातीनं वाचून दाखवला. तक्त्यातल्या डाव्या कानाच्या रकमेपेक्षा आकडा कमी होता आणि युद्धक्षेत्राची दुप्पट तर धरलीच नव्हती. कागद तसाच परत गेला. सात आठवड्यांनी दुसरा आला. तो नातीनं आम्हाला न विचारता दोनदा वाचला, आणि मगच मुलाला पेन दिलं.